उसातला पत्ता

परवा कोल्हारकडे जाताना राहुरीच्या पुढे यंदाची पहिली ट्रॉली दिसली. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींवर ऊस इतका लादलेला की मागून बघणाऱ्याला शेतच रस्त्यावरून निघालंय असं वाटावं. ट्रॅक्टरवाल्याची गाणी जोरात. मी खिडकीतून वाकून आधी मागचा रिफ्लेक्टर पाहिला. होता. लाल, नवाकोरा, तारेने बांधलेला. एवढा नवा म्हणजे तपासणीपुरता बांधलाय, आठवड्याभरात कुठेतरी गळून पडेल, असं मी मनात म्हटलं आणि मगच खिडकीची काच वर केली.

लोकांना हंगाम सुरू झाल्याचं मळीच्या वासावरून कळतं. कारखान्याचा बॉयलर पेटला की दोन-चार दिवसांत तो गोडसर, आंबूस वास नदीकाठच्या हवेत उतरतो आणि फाल्गुनापर्यंत मुक्काम ठोकतो. मला मात्र हंगाम उशाशी कळतो. दिवाळीची भांडी घासून होत नाहीत तोवर मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागते आणि शेवटची ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर जाईपर्यंत तो तिथून हलवत नाही.

मी पंधरा वर्षं कॅज्युअल्टीत नर्स होते. आता नगरमध्ये एका स्थानिक रुग्णवाहिका सेवेत काम करते. कुठली गाडी कुठे उभी राहायची, तिच्यावर कोण जायचं आणि जाणाऱ्यांना काय शिकवायचं, हे मी ठरवते. आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात आणि मागे पेशंटजवळ बसतो त्याला ईएमटी. हे सगळे मला समोर ‘मॅडम’ म्हणतात. पाठीमागे ‘सीआयडी’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. मला राग येत नाही. माझी आई म्हणायची, या पोरीला पेढा दिला तरी ही आधी वास घेईल. वास घेण्याचाच पगार मिळेल असं तिला वाटलं नव्हतं, एवढंच.

कारण आमचा धंदाच संशयाचा आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे असं कागद म्हणतो. मी चावी फिरवून काटा हलेपर्यंत मानत नाही. तपासणीच्या कागदावर सगळ्या खुणा एकाच दमात, एकाच शाईत केलेल्या दिसल्या की मी गाडीचं मागचं दार उघडते. एकदा उद्याची तपासणी आज संध्याकाळीच भरून ठेवलेली मी पकडली होती. ट्रेनिंगला नवी बॅच आली की पहिल्याच दिवशी मी सांगते, अपघातात जो ओरडतोय त्याच्याकडे नंतर जा. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या सरावाच्या रबरी पुतळ्यालाही पाठ झालं असेल. त्या पुतळ्याला पोरं ‘पाव्हणं’ म्हणतात. पाव्हणं मात्र नेहमी गप्पच.

नगर जिल्ह्याला दोन तोंडं आहेत. इकडे प्रवरेच्या कालव्यावर ऊस, दूध, बंगले. तिकडे पाथर्डी-शेवगावकडे कोरडी रानं, खुरटी ज्वारी. दिवाळी झाली की तिकडची माणसं इकडे ऊस तोडायला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. अशा दहा-पंधरा कोयत्यांची एक टोळी. शेतात बांबू, चटया आणि ताडपत्रीची कोपी उभी करायची, तिथला ऊस संपला की कोपी गुंडाळून पुढच्या फडावर. आज इथे, चार दिवसांनी ओढ्यापलीकडे.

यांच्यातलं कुणी दुखलं-खुपलं म्हणून फोन करतं, तेव्हा आमच्या कंट्रोल रूमचं सगळं शिक्षण फुकट जातं. गाव कोणतं, गल्ली कोणती, जवळची खूण काय, असं आमची मुलगी ठरल्याप्रमाणे विचारते. तिकडून आवाज येतो, ‘उसात हाओत आमी.’ कुठल्या उसात? ‘ह्याच की. कारखान्याच्या.’ वीस मैल जिकडे बघावं तिकडे ऊसच. आणि ज्या झाडापासून दुसरी वाट सांगतील, त्या झाडाभोवतीचा ऊस उद्या तुटलेला असतो. काल हिरव्या भिंती होत्या तिथे आज मोकळं रान. अनोळखी माणसाचं काय, रोजच्या माणसाचंही भान सुटतं.

तीन हंगामांपूर्वी मार्गशीर्षात मी कोल्हारच्या गाडीची लॉगबुक चाळत होते. नदीच्या पुलाजवळ ही गाडी उभी असते. लॉगबुकात साधा हिशोब असतो. गाडी निघाली तेव्हाचे किलोमीटर, परतली तेव्हाचे, आणि पुढच्या रकान्यात केसचा नंबर. तिथे रोज सकाळी एक ओळ जास्तीची होती. किलोमीटर होते, केसचा नंबर नव्हता. एक दिवस अकरा, एक दिवस सोळा, मग नऊ, मग तेरा. मनात शंकेची पाल चुकचुकली. केस नसताना गाडी जागा सोडत नाही, हा आमचा पहिला नियम. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कोल्हारच्या गाडीचे पायलट सिकंदरभाई. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, दाढी मेंदीने रंगवलेली. आधी टेम्पो चालवायचे, मग आमच्याकडे आले. बोलणं जेवढ्यास तेवढं. त्यांच्या बायकोला मी एकदा भेटले होते, तेव्हा ती म्हणाली होती, ‘घरातबी आसंच. शेळ्यांशी तेवढं बोलत्यात.’ घरी त्यांच्या दोन शेळ्या होत्या. ही शेळ्यांची गोष्ट माझ्या डोक्यात कुठेतरी राहून गेली असणार, कारण संशयी माणूस काही फेकून देत नाही, सगळं माळ्यावर टाकून ठेवतो.

दोन दिवसांनी न सांगता कोल्हारला गेले. सकाळचं धुकं नदीवरून पुरतं उठलं नव्हतं. गाडीच्या चाकांना ओली काळी माती, पायपुसण्यावर उसाचं वाळकं पाचट, केबिनमध्ये चुलीच्या धुराचा वास. मागचं दार उघडलं. स्ट्रेचर स्वच्छ, सिलिंडर भरलेला, औषधं जागच्या जागी. आणि स्ट्रेचरच्या चाकात अडकलेलं उसाचं एक लांब हिरवं पान.

मला सगळं एका क्षणात कळलं. निदान तसं वाटलं. ऊस तोडला की त्याचे वरचे हिरवे शेंडे उरतात, त्यांना वाढे म्हणतात. हंगामात इकडची अर्धी जनावरं वाढ्यांवर जगतात. सिकंदरभाई रोज सकाळी ॲम्ब्युलन्स घेऊन फडावर जातात आणि शेळ्यांना वाढे आणतात. जिथे पेशंट झोपतो तिथे चारा! मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जोडीने थोडा आनंदही झाला. संशय खरा ठरला की तो फार गोड लागतो. हे मी आता लिहू शकते. तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

बाजूला बोलावून विचारता आलं असतं. त्यांच्याबरोबरच्या ईएमटीला विचारता आलं असतं, पण तोही सामील असणार हे मी धरूनच चालले होते. त्या शनिवारी नगरला सगळ्या गाड्यांच्या लोकांचं ट्रेनिंग होतं. सकाळच्या सत्रात मी नेहमीचं शिकवलं. गप्प आहे त्याच्याकडे आधी जा, वगैरे. चहा झाल्यावर पिशवीतून ते पान काढलं आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं.

‘हे मला एका गाडीच्या स्ट्रेचरखाली सापडलं,’ मी म्हटलं. ‘पेशंटचं होतं का शेळीचं, ते आता सिकंदरभाई सांगतील.’

तीस माणसं हसली. मागून कुणीतरी ‘बकरी एक्स्प्रेस’ म्हणालं आणि पुन्हा हसू उसळलं. मी ते थांबवलं नाही. सिकंदरभाई उठून उभे राहिले. टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘गाडी झाडायची राह्यली, मॅडम,’ ते म्हणाले.

‘आणि रोजचे किलोमीटर?’

त्यांनी सरळ हात पुढे केला. पान उचललं, दोनदा घडी घालून खिशात ठेवलं आणि खाली बसले. खाई त्याला खवखवे, म्हणून तोंड उघडत नाहीत, असं मी म्हटलं. चहाच्या आधीच गप्प माणसाबद्दल मी काय शिकवलं होतं, ते मला आठवलं नाही. सोमवारपासून त्यांची बदली नगरच्या गाडीवर झाली, माझ्या ऑफिसच्या खिडकीखाली, माझ्या डोळ्यांसमोर. कोल्हारला नगरचा प्रदीप गेला. नाकासमोर चालणारा, नियमाचा पोरगा. त्याच्या लॉगबुकात केसशिवाय एक किलोमीटर सापडला नाही. मी ती वही मिटताना समाधानाने मान हलवली होती, ते मला चांगलं आठवतं.

आता ऑफिसात बसून हे लिहिताना खाली गाड्या धुण्याचा आवाज येतोय. थंडी अजून पडायची आहे, पण सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायला लागलंय. नगरची थंडी कोरडी असते, ओठ फोडणारी. कोल्हारची तशी नाही. तिथली उसातून येते, ओली, आणि धुराचा वास घेऊन येते. त्या वर्षानंतर तो वास आला की मी आधी तो कुठल्या बाजूने येतोय ते बघते. पाचटाचा धूर पांढरा आणि पसरट असतो, चुलीचा बारीक आणि निळा. हे मला आधी माहीत नव्हतं. इतकी वर्षं या जिल्ह्यात राहून माहीत नव्हतं.

सिकंदरभाईंची बदली होऊन नऊ दिवस झाले होते. कोल्हारच्या गाडीचा ईएमटी रजेवर होता. त्याच्या जागी मी स्वतः गेले, प्रदीपचं काम बघायचं हाही हेतू होता. सकाळी साडेनऊला कंट्रोलचा फोन आला. टोळीतली बाई बाळंतपणाला अडली होती. नाव मनीषा, पहिलंच बाळंतपण, दिवस अजून भरलेले नाहीत. नवऱ्याने फोन केला होता. मी त्याच्याशी थेट बोलले.

‘लई दुखायलंय तिला. रगत जायलंय, बाई. लवकर या.’

‘कुठे आहात?’

‘उसात. कालव्याच्या अंगाला. पांढरी चिंधी हाय बघा बाभळीला, तिथून...’

आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला, लागला नाही. साधा बटणांचा फोन, बॅटरी गेली असणार. टोळीत नकाशावाला फोन एकट्या मुकादमाकडे आणि मुकादम कारखान्यावर गेलेला.

कालव्याच्या अंगाला आम्ही निघालो. दोन्हीकडे उसाला तुरे आलेले. गाडी मधून चालली की दोन्ही बाजूंनी पानं काचेवर घासतात आणि बाहेरचं काही दिसत नाही. सायरन वाजवायचा कुणासाठी? एका तिठ्यावर प्रदीपने गाडी थांबवली.

‘मॅडम, सिकंदरभाईंना फोन लावू का? त्यांना उसातल्या वाटा पाठ आहेत.’

‘कशा काय पाठ आहेत?’

‘रोज सकाळी जायचे ना कोप्यांवर. कुठली टोळी कुठं उतरलीय, कोण बाई पोटुशी हाय, कुणाचं पोर तापलंय, बघून यायचे. चिंध्यापण त्यांच्याच. वळणावर बांधून ठेवायचे, गाडी चुकू नये म्हणून.’

‘हे तुला माहीत होतं?’

‘सगळ्यांनाच माहीत होतं, मॅडम.’ मग तो समोर बघत म्हणाला, ‘तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं.’

तेवढ्यात समोरच्या बाभळीला पांढरी चिंधी दिसली. खताच्या गोणीची, नीट दोन गाठी मारलेली. ‘घाल आत,’ मी ओरडले. वाट वळली, पुन्हा वळली आणि तुटलेल्या रानात उघडी पडली.

तिथे कुणी नव्हतं. चुलीच्या तीन-तीन दगडांचे ढीग. विझलेली राख. कोप्यांच्या बांबूंची भोकं जमिनीत, ओळीने. एक फुटकी बांगडी आणि आमच्याकडे बघून शेपूट हलवणारं एक मरतुकडं कुत्रं. टोळी इथला ऊस संपवून पुढे निघून गेली होती. चिंधी मागे राहिली होती, कारण ती पुढे नेऊन बांधणारा माणूस नगरला माझ्या खिडकीखाली उभा होता. मनीषाच्या नवऱ्याला वाटलं असणार, चिंधी आपल्याबरोबर आलीय. कोणीतरी रोज येऊन बांधतं, तशी याही वेळी बांधली असेल.

बॅग हातात धरून मी त्या राखेत उभी राहिले. इतकी उघडी मी कधी पडले नव्हते.

फोन मीच लावला. सिकंदरभाई एका रिंगमध्ये बोलले. मी काय बोलले ते आठवत नाही, त्यांचं सगळं आठवतं.

‘मॅडम, घाबरू नका. खाली बघा. चाकोरी दिसती का ट्रॉलीची?’

‘दिसते. चार-पाच आहेत.’

‘त्यातली सगळ्यात ताजी बघा. ओली आसंल. मातीत खोल रुतलेली हाय का वरवर?’

‘खोल.’

‘मग भरलेली ट्रॉली कारखान्याकडं गेलीय. ती जिकडून आली तिकडं चला, गेली तिकडं न्हाई. जिथं भरली, तिथं टोळी.’

प्रदीप गाडी हाकत होता आणि मी दार अर्धवट उघडून खाली चाकोरी बघत होते. ओढा लागला. सिकंदरभाई म्हणाले, ओढा ओलांडा. मग धूर दिसला. ते म्हणाले, कसला हाय? मी म्हटलं, बारीक. ‘मग चुलीचा हाय. जावा.’

मनीषा उसाच्या सावलीत ताडपत्रीवर होती. वीसेक वर्षांची. चार बायका लुगड्यांचा आडोसा धरून उभ्या. मूल आमच्या आधी आलं होतं. मुलगी. इतकी लहान की माझ्या तळहातावर मावली असती. ती गप्प होती.

जे शिकवते ते सगळं मी केलं. पुसलं, ऊब दिली, तोंड साफ केलं, छोटा मास्क लावून श्वास दिला, दोन बोटांनी छाती दाबली. एक हात आईकडे, रक्त थांबेना म्हणून प्रदीपला सलाईन धरायला लावलं. कंट्रोलला ओरडून हॉस्पिटलला कळवलं. गाडीत चढवल्यावरही मी त्या मुलीला श्वास देतच राहिले, मोजत, हॉस्पिटलच्या दारापर्यंत. ती रडली नाही. बाहेर ऊस मागे पळत होता आणि मला तिच्या रडण्याखेरीज जगात दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

मनीषा वाचली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दिवस कमी होते, तुम्ही आधी पोचला असतात तरी सांगता येत नाही. चांगला माणूस होता, समजूत घालत होता. कॅज्युअल्टीत पंधरा वर्षं मी नातेवाईकांना हेच वाक्य याच आवाजात सांगितलंय. त्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही. तिठ्यावर किती मिनिटं गेली, राखेत किती गेली, हे मी त्या दिवसापासून मोजतेय आणि दर वेळी आकडा वेगळा येतो.

दुपारी सिकंदरभाई एसटीने आले. हॉस्पिटलच्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसले.

‘त्या दिवशी सांगितलं का नाहीत?’ मी विचारलं.

‘तुमी विचारलं कुठं, मॅडम? तुमी तर सांगितलं.’ आवाजात राग नव्हता. निदान मला सापडला नाही. ‘आन् न्येम मोडला हुताच की मी. बिनकेसची गाडी हलवली. बरोबरच्या पोराची नोकरी गेली आसती.’

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. आदल्या वर्षी अशाच एका टोळीतला माणूस साप चावून गेला होता आणि गाडी उसात गोल फिरत राहिली होती. गाडी सिकंदरभाईंची होती. तेव्हापासून रोज पहाट फुटली की फडावर फेरी. मोबाईल चालू, गाडी रस्त्यावरच, केस आली तर तिथूनच निघायचं. आणि किलोमीटर त्यांनी स्वतःच्या हाताने, खरे लिहिले होते. अकरा, सोळा, नऊ, तेरा. चोर असते तर ती ओळ लिहिलीच नसती. काट्यावरून सिलिंडरची गळती ओळखणाऱ्या बाईला एवढं कळलं नाही.

मी त्यांची माफी मागितली. तिथे बाकड्यावर मागितली, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोरही मागितली, कारण लाज सगळ्यांसमोर काढली होती. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मी अजून त्या मान हलवण्याचा अर्थ लावतेय. खोड जित्याची, मेल्याशिवाय जायची नाही.

त्यांना परत कोल्हारला पाठवलं. फडावरची सकाळची फेरी नियमातच घातली. ऊसपट्ट्यातल्या चारही गाड्यांना सक्तीची. लॉगबुकात नवा रकाना आखला, ट्रेनिंगमध्ये चाकोरी आणि धूर शिकवायला लागले. वरिष्ठांनी कौतुक केलं. वरातीमागून घोडं, पण आलं खरं, असं मला वाटलं.

यंदाच्या हंगामाच्या पहिल्या आठवड्याच्या वह्या तीन-चार दिवसांपूर्वी टेबलावर आल्या. पहिली गाडी, सकाळची फेरी: चौदा, चौदा, चौदा, चौदा. दुसरी गाडी: बारा, बारा, बारा. तिसरी पण बाराच. टोळ्या हलतात, ओढ्यापलीकडे जातात, आणि यांची फेरी मात्र कशी हलत नाही? सिकंदरभाई चोरून जे करायचे, त्याचा मी नियम केला आणि नियम झाल्याबरोबर लोकांनी तो वहीत उरकायला सुरुवात केली. त्या तिघांना मी उद्या बोलावणार आहे. एकेकाला, दार लावून, आणि आधी विचारणार आहे.

चौथी वही कोल्हारची. सतरा, आठ, बारा, एकोणीस. ती वही बघून मला बरं वाटलं आणि तरीही परवा मी पहाटे उठून कोल्हारला गेले. विश्वास नव्हता म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगितलं. सिकंदरभाईंनी मला बघून फक्त पुढचं दार उघडलं.

कालव्याच्या अंगाला एक टोळी नुकतीच उतरली होती. कोप्या अजून उभ्या होत होत्या, बांबू रोवायचा ठकठक आवाज चालू होता. भाकऱ्या थापणाऱ्या बाईने मान वर केली आणि मी जागच्या जागी थांबले. मनीषा. चेहरा भरला होता, आणि पोटही. सातवा असावा.

तिने सिकंदरभाईंना ‘आलात का, चाचा’ म्हटलं. मग माझ्याकडे बघत राहिली.

‘तुमी त्याच बाई ना?’

‘हो.’

पिठाचे हात तिने पदराला पुसले. त्या दिवशी वाट कशी चुकली, का चुकली, हे तिला कुणी सांगितलंय का, मला ठाऊक नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. चिंधी, बदली, माझी चूक, सगळं. पाच-सहा वाक्यांत झालं. ऐकून तिने सिकंदरभाईंकडे पाहिलं. ते बांधाकडे बघत होते. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती तिने उलटली.

‘ह्या टायमाला लवकर या, बाई,’ ती म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पोटाला हात लावून पाहिलं, पाय सुजलेत का बघितले, अंगावर जातंय का विचारलं. ‘मला काई झालं न्हाई,’ ती हसून म्हणाली. मी पुन्हा विचारलं, पुन्हा पाय दाबून बघितले. आठवा लागला की कोयता ठेवायचा, एवढं मुकादमासमोर कबूल करून घेतलं.

परतताना वळणावर सिकंदरभाईंनी नवी चिंधी बाभळीला बांधली. मी गाठ ओढून पाहिली. मग म्हटलं, आधीच्या फडावर जाऊ, जुनी काढायची आहे. ते म्हणाले, मी काढतो संध्याकाळी. मी नको म्हटलं. तिथवर गेलो. दवाने गाठ आवळली होती, सुटेना. ते गाडीत बसून राहिले, उतरले नाहीत, घाई केली नाही. नखं तुटली, पण गाठ सुटली.

गाडीत बसून मी वही मागून घेतली. किलोमीटर लिहिले. पुढच्या रकान्यात, जिथे केसचा नंबर असतो, तिथे लिहिलं: मनीषा, सातवा महिना, कालव्याच्या पूर्वेला, ओढ्याच्या अलीकडे, बांधालगत तिसरी कोपी. खाली तारीख घातली, कारण हा पत्ता चार दिवसांपेक्षा जास्त टिकणार नव्हता.